ट्यूबवर बसण्याआधी बाहेर पडण्याची जागा ठरवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे. गेल्या ऑक्टोबरात तुम्ही सहा मित्र पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात निघाला होतात. वाटेत एका पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या सहा जुन्या ट्यूब भाड्याने घेतल्या आणि भिरा गावाच्या खालच्या अंगाला सकाळी आठच्या सुमारास कुंडलिका नदीत उतरलात. पाणी घोट्याएवढे होते. कोणी मागे राहू नये म्हणून ट्यूब नायलॉनच्या दोरीने एकमेकींना बांधल्या. तासाभरात पाणी वाढले, नदीत आडव्या पडलेल्या उंबराला दोन ट्यूबांमधली दोरी अडकली, एक मित्र झाडाखाली ओढला गेला आणि आठदहा सेकंदांनी पलीकडच्या बाजूला वर आला. आता पुन्हा तीच सहल ठरते आहे आणि गटाचे म्हणणे असे की, या वेळी लाइफ जॅकेट घेतली म्हणजे झाले. तर जॅकेट पुरेसे आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि जो वाचला तो मित्र या विषयावर गप्पच असतो, त्याचे काय करावे, हा दुसरा.

मी सोळा वर्षे राफ्टिंग गाइड म्हणून काम करतो आहे आणि त्यांपैकी अलीकडची काही वर्षे वाहत्या पाण्यातील बचावाचे प्रशिक्षणही देतो. कुंडलिकेवर माझे बरेच हंगाम गेले आहेत. त्या आधारावर सांगतो: जॅकेट हवेच, त्याविना नदीत पाऊल टाकू नका, परंतु गेल्या वर्षी तुमच्या मित्राच्या अंगात जॅकेट असते तरी तो त्या उंबराखाली गेलाच असता. जॅकेट माणसाला पाण्याच्या पृष्ठभागाकडे आणते. पृष्ठभागावर झाड असेल, तर ते त्याला झाडाकडेच आणते. म्हणून तुमच्या प्रश्नामागचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. ज्या वाहनाला सुकाणू नाही आणि ब्रेकही नाही, त्यावर बसून न पाहिलेल्या नदीत जाताना निर्णय घ्यायला जागा कुठे उरते?

याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे. माझ्या अनुभवात तळहातांनी पाणी मारत ट्यूब सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा नीट सरकत नाही, कारण माणूस मध्ये बसलेला असतो, हात कसेबसे पाण्याला पोहोचतात आणि गोल वस्तू सरळ जाण्याऐवजी स्वतःभोवती फिरते. आता समजा, नदी तीस मीटर रुंद आहे आणि तुम्ही मधल्या धारेत आहात. काठ पंधरा मीटरवर आहे. अर्ध्या मीटरच्या वेगाने तिथे पोहोचायला तीस सेकंद लागतील. धारेचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल, म्हणजे माणूस हळू धावतो तेवढाच, तर त्या तीस सेकंदांत नदी तुम्हाला साठ मीटर खाली नेते. याचा अर्थ, पुढचे झाड साठ मीटरांच्या आधी दिसले आणि दिसताक्षणी तुम्ही हात मारायला लागलात, तरच तुम्ही वाचता. ट्यूबमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम अर्धा मीटर वर असतात आणि पुढे वळण असेल तर वळणापलीकडचे काही दिसत नाही. म्हणून मी शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो की, ट्यूबवरचे सगळे निर्णय काठावर उभे असतानाच घेऊन झालेले असले पाहिजेत, आणि त्यातला पहिला निर्णय उतरायचे कुठे हा नसून बाहेर कुठे पडायचे हा आहे.

आता पाणी का वाढले ते पाहू, कारण तुम्ही लिहिले आहे की आभाळ निरभ्र होते आणि पाणी कुठून आले ते कळलेच नाही. पावसाळा सरल्यावर कुंडलिकेत स्वतःचे पाणी थोडेच उरते. घाटमाथ्यावर मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी, जे एरवी पूर्वेला भीमेकडे गेले असते, ते बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवले जाते. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज तयार करून झालेले पाणी रवाळजे गावाजवळ येते आणि तिथून पुढे नदीत सुटते. साजे गावाजवळून निघणारे राफ्टिंग बहुतेक सकाळी चालते ते याच पाण्याच्या भरवशावर. वीजघराची गरज बदलली की सुटणाऱ्या पाण्याची वेळ आणि मात्रा दोन्ही बदलतात, म्हणून आम्ही गाइडसुद्धा पाणी कधी येणार याची चौकशी केल्याशिवाय राफ्ट खाली उतरवत नाही. तुम्ही जवळजवळ कोरड्या नदीत उतरलात आणि सुटलेले पाणी मागून आले, एवढाच त्याचा उलगडा आहे. त्याला नशीब म्हणता येणार नाही. नदीकाठच्या कोणत्याही माणसाने विचारल्याबरोबर सांगितले असते.

पाणी चढू लागल्याचे ओळखायला मोठे उपकरण लागत नाही. उतरण्याच्या जागी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा, किंवा एखाद्या मोठ्या गोट्यावरची पाण्याची ओळ नीट पाहून ठेवा आणि चहा संपेपर्यंत तिथेच थांबा. मी हे रोज करतो. पाणी चढताना आधी बारीक फेस येतो, मग काठावरची सुकी पाने, काटक्या, एखादी चप्पल तरंगत येते, नितळ पाणी किंचित गढूळ होते आणि खालच्या खळाळाचा आवाज बदलतो. दगडांची किणकिण जाऊन त्या जागी भरीव घरघर येते. ज्या गोट्यावर तुम्ही दहा मिनिटांपूर्वी बसला होतात तो दिसेनासा झाला, तर पुढचा सगळा कार्यक्रम तिथेच रद्द करावा.

हे सर्व कुंडलिकेपुरते झाले. तुम्ही दुसरी नदी निवडलीत तर हिशेब बदलतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर राफ्टिंग पावसाळ्यात चालते, कारण तिथे पाणी पावसाचे असते. तिथे वीजघराच्या वेळेचा काही उपयोग नाही, वरच्या डोंगरात काल रात्री किती पाऊस झाला याला महत्त्व आहे. डिसेंबरातल्या संथ, रुंद, वाळूचा तळ असलेल्या नदीत, दोन्ही काठ मोकळे असताना, ट्यूबवर तरंगणे हा खरोखर निरुपद्रवी आनंद असू शकतो आणि मी स्वतः माझ्या भाच्यांना असे नेले आहे. म्हणून ट्यूबिंग वाईट आणि राफ्टिंग चांगले असे मी म्हणणार नाही. वेग, खोली, तळ, अडथळे, बाहेर पडायच्या जागा आणि गटातला सर्वांत कच्चा पोहणारा, या सगळ्यांवर ते अवलंबून आहे.

तरीही काही गोष्टी कोणत्याही नदीत बदलत नाहीत आणि त्यांपैकी पहिली म्हणजे पाण्याचा जोर. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा ढकलण्याचा जोर चौपट होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसावर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी ढोबळमानाने पंधरा किलोंचा रेटा देते. तेच पाणी दोन मीटर वेगाने आले की रेटा साठ किलोंवर जातो, आणि तो क्षणभर थांबत नाही. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्या चित्रफितीत ती माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी दिसतात. त्यांच्यात धैर्य कमी नव्हते; पाणी वाढल्यावर काठापर्यंतची ती थोडी पावले टाकणे कोणालाही शक्य राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय अडकणे. शिकाऊ असताना एका सरावात मी गुडघ्याच्या थोड्या वर पाणी असलेल्या खळाळात ट्यूबवरून पडलो आणि सवयीने उभा राहिलो. उजवा पाय दोन गोट्यांच्या फटीत गेला. पाण्याने मला पुढे ढकलले, पाय मागेच राहिला, आणि मी गुडघ्यातून वाकून तोंडावर पाण्यात गेलो. पाणी मांडीएवढेसुद्धा नव्हते. दोघांनी खालच्या बाजूने माझ्या छातीला आधार देऊन डोके वर धरले आणि तिसऱ्याने सँडलचा पट्टा सुरीने कापला, तेव्हा पाय सुटला. पट्ट्याचा तो तुकडा पुढे कितीतरी दिवस माझ्या पिशवीत होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सूचनेत हे वाक्य असते: वाहत्या पाण्यात पडलात तर उभे राहू नका. पाठीवर पडा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि पायांची बोटे पाण्याबाहेर दिसतील इतकी वर ठेवा, पाय किंचित वाकवून दगडांना तळव्यांनी ढकला. संथ पाणी दिसले की पालथे होऊन काठाच्या दिशेने तिरके, पूर्ण ताकदीने पोहा. बसल्यावर ढुंगण तळाला टेकेल इतके उथळ आणि मंद पाणी आल्यावरच उठा.

तिसरी गोष्ट तुमच्या उंबराची. पडलेले झाड, काठावरून झुकलेल्या करंजाच्या फांद्या, पुरात अडकलेला बांबूचा ढीग, यांतून पाणी चाळणीसारखे आरपार जाते आणि माणूस चाळणीवर राहतो. कातळावर पाणी आपटून बाजूला फिरते, त्यामुळे ते माणसालाही थोडेफार बाजूला नेते. झाड तसे करत नाही. तुमच्या मित्राच्या वाटेला पाण्याखाली माणूस जाईल एवढे भोक होते, म्हणून तो पलीकडे निघाला. शेजारचीच फांदी आडवी असती तर हा प्रश्न तुम्ही मला असा विचारला नसता, हे मी जड मनाने लिहितो आहे. झाड टाळणे अशक्यच झाले, तर पाय पुढे ठेवू नका. तोंड झाडाकडे करा, त्याच्याकडे जोरात पोहा आणि हातांनी खोड पकडून छाती त्यावर चढवा. हे आपल्या स्वभावाच्या उलट आहे, म्हणून काठावर कोरड्या ओंडक्यावर आधी करून पाहावे लागते.

त्या प्रसंगात झाडापेक्षा मोठी चूक दोरीची होती. ट्यूब एकमेकींना बांधल्या की सोबत असल्यासारखे वाटते, आणि संथ तळ्यात ते ठीकही आहे. पण वाहत्या पाण्यात एक ट्यूब झाडाच्या डावीकडून आणि दुसरी उजवीकडून गेली की मधली दोरी झाडाभोवती विळखा घालते आणि दोन्ही ट्यूब, त्यांवरील माणसांसकट, त्याच जागी खिळतात. पाणी मागून रेटतच राहते, त्यामुळे गाठ हाताने सुटत नाही. म्हणून नदीत कोणतीही दोरी अंगाला किंवा ट्यूबला बांधलेली नको, आणि निदान दोघांच्या जॅकेटवर एका हाताने उघडता येईल अशी सुरी हवी. मित्राच्या मांडीवर जो लांब ओरखडा तुम्ही लिहिला आहे, तो बहुधा ट्यूबच्या हवा भरायच्या पितळी नळीचा असावा. ट्रकच्या ट्यूबला ती नळी आतल्या बाजूला असते, नेमकी माणूस बसतो तिथे. नदीसाठी बनवलेल्या ट्यूबला तळ असतो, धरायला कड्या असतात आणि नळी झाकलेली असते.

चौथी गोष्ट बांधकामांची. कोकणात आणि घाटावर नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पाइप टाकलेले फरशी पूल आणि छोटे बांध आहेत. वरून येताना बांधाची कड सरळ, शांत रेघेसारखी दिसते आणि त्याच शांतपणामुळे माणूस फसतो. त्यावरून पडणारे पाणी खाली स्वतःवरच उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून आणते; जॅकेट घातलेला, उत्तम पोहणारा माणूसही त्यातून स्वतःहून सुटत नाही. फरशी पुलाच्या पाइपात तर पाणी माणसाला पूर्ण आत खेचते. कुंडलिकेवर कोलाडजवळ डोलवहालचा बंधारा आहे. बघत बघत जाऊ, थांबावेसे वाटेल तिथे थांबू, अशा बेताने निघालेल्या गटाला कोणत्याही नदीत हाच शेवट गाठू शकतो. पुढच्या टप्प्यात बांध, बंधारा किंवा पाइपचा पूल असेल, तर त्याच्या बऱ्याच वर, चालत जाऊन आधी पाहिलेल्या जागी, सर्वांनी बाहेर पडलेच पाहिजे.

इथवरचे एकत्र सांगायचे तर, पाण्याची वेळ ठाऊक नसणे, बाहेर पडायची जागा न पाहणे आणि ट्यूब बांधणे, या तीन गोष्टींनी तुमचा मित्र पाण्याखाली गेला, आणि या तिन्हींवर जॅकेटचा इलाज चालत नाही.

जॅकेटचे काम त्यानंतर सुरू होते, म्हणून त्याबद्दलही नीट लिहितो. बोटीत बसणाऱ्या पर्यटकांना देतात ती गळ्यात अडकवायची ढगळ जॅकेटे नदीला उपयोगाची नाहीत. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढावे. ते कानांपर्यंत आले तर पाण्यातही येईल आणि माणूस खालून निसटेल. ट्यूबमध्ये पोक काढून बसल्याने जॅकेट आधीच वर सरकते, त्यामुळे ही चाचणी बसूनही करा. एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: पांढऱ्याशुभ्र फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, तिथे जॅकेट कमी उचलते आणि नाकातोंडात फेस जातो. घाबरून श्वास घेऊ नका, लाट ओसरल्यावर घ्या. डोक्यावर हेल्मेट आणि पायांत लेसचे जुने बूट हवेत. चप्पल पहिल्याच खळाळात जाते आणि मग अनवाणी पायांनी शेवाळलेल्या गोट्यांवरून काठ गाठावा लागतो.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी मी लिहितो, कारण गाडीतल्या शीतपेटीत काय असते ते मी दर शनिवारी पाहतो. लाओसमधील वांग व्हिएंग हे गाव ट्यूबिंगसाठी जगभर प्रसिद्ध झाले आणि नदीकाठच्या बारमधून पीत पीत तरंगण्याने तिथे इतके तरुण पर्यटक दगावले की २०१२ मध्ये सरकारने ते बार बंद पाडले. नदी तीच होती आणि ती बऱ्यापैकी संथही आहे. पाण्यात उतरण्याआधी एक बिअरही नको. जेवणाबरोबर काय घ्यायचे ते बाहेर आल्यावर ठरवा, आणि त्यापुढे गाडी चालवायची आहे हेही लक्षात ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर या ऑक्टोबरात काय केले असते, ते सांगतो. कुंडलिकेवर पाणी सुटलेले असताना ट्यूब घेऊन मी सहाही जणांना नेले नसते, विशेषतः तुमच्यातील दोघांना पोहता येत नसताना. त्या पाण्यात प्रशिक्षित गाइड असलेला राफ्ट घेतला असता. त्यात सुकाणू धरणारा माणूस असतो, पडलेल्याला फेकायला दोरीची थैली असते आणि बाहेर पडायच्या जागा ठरलेल्या असतात. ट्यूबच हवी असेल, तर एक-दीड किलोमीटरचा संथ टप्पा निवडला असता आणि आदल्या दिवशी तो पूर्ण काठाने चालून पाहिला असता. वळणावर थांबून पलीकडे डोकावलो असतो, झाडे मोजली असती, काठावर कपडे धुणाऱ्या बायकांना आणि मासे धरणाऱ्यांना विचारले असते की पाणी किती वाजता येते, खाली कोंड, म्हणजे खोल डोह, कुठे आहे आणि मागच्या पुरात काय अडकून पडले आहे. या माणसांएवढी खरी माहिती कुठल्याही नकाशात नाही. मग बाहेर पडायच्या जागी लांबून दिसेल असे लाल फडके बांधले असते आणि तिथे पंधरा-वीस मीटरची तरंगती दोरी घेऊन एकाला उभे केले असते. पाण्यात दोन-दोनच्या जोड्या, सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे चांगला पोहणारा, आणि मधे दहा-पंधरा मीटरचे अंतर.

आणि समजा, कोणी बुडालाच, तर त्याच्यामागे लगेच उडी मारू नका. आधी काठी किंवा हात द्या, मग दोरी फेका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाही खाली दाबतो. बाहेर काढल्यावर उलटे धरणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे अजूनही गावोगावी चालते आणि त्यात अमूल्य मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या आणि नंतर तीस वेळा छाती दाबणे व दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. ११२ किंवा १०८ वर दुसऱ्याने फोन करावा. नदीच्या खोलगटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ती कुठे मिळते तेही आदल्या दिवशीच पाहून ठेवा. ज्याच्या छातीत पाणी गेले आहे आणि खोकला थांबत नाही, तो उठून बोलू लागला तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गेल्या वर्षी काही झाले नाही असे गटातले बाकीचे म्हणतात, ते पाचही जण पाण्याच्या वर होते. खाली काय झाले हे फक्त एकाला ठाऊक आहे आणि तो गप्प आहे. चारचौघांत त्याला विचारू नका, कारण सगळ्यांसमोर तो "येतो की" असेच म्हणेल. एकट्याने भेटून विचारा की त्या आठदहा सेकंदांत त्याला काय दिसले आणि त्याला पुन्हा पाण्यात जायचे आहे का. तो नको म्हणाला तर कारण मागू नका. बाहेर पडायच्या जागी गाडी घेऊन, लाल फडक्याशेजारी दोरीची थैली हातात धरून कोणीतरी उभे राहायला हवेच आहे. ते काम त्याच्याकडे द्या आणि दोरी कशी फेकायची ते आदल्या संध्याकाळी त्याच्याकडून वीस वेळा करून घ्या.